थंडरबर्डमधील फोल्डरची आपोआप होणारी आवराआवर

थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये एखादे पत्र पुसले, तरी त्याने डिस्कवर व्यापलेली जागा लगेच मोकळी होत नाही, कारण मूळ मांडणीत एका फोल्डरची सर्व पत्रे एकाच मोठ्या एमबॉक्स फाइलमध्ये सलग साठवलेली असतात आणि पुसलेल्या पत्रावर केवळ तशी खूण केली जाते. ती जागा ‘कॉम्पॅक्ट’ ही क्रिया मोकळी करते. त्यासाठी उरलेली पत्रे नव्या फाइलमध्ये उतरवून ती फाइल जुनीच्या जागी ठेवली जाते. त्यामुळे सर्वांत मोठ्या फोल्डरला पुरेल इतकी जागा डिस्कवर रिकामी असावी आणि क्रिया चालू असताना प्रोग्रॅम बंद करू नये. किती जागा वाचणार असेल तेव्हा ही क्रिया आपोआप सुरू व्हावी, ते सेटिंग्जमध्ये ठरवता येते. ही सोय बंद करू नये, असे माझे मत आहे. इनबॉक्स मात्र आटोपशीर ठेवावा.

खरी सावधगिरी हवी ती दुसऱ्याच ठिकाणी. खात्याच्या सेटिंग्जमध्ये ठरावीक दिवसांपेक्षा जुनी पत्रे पुसण्याचा पर्याय आहे. नवखा माणूस तो जागा वाचवण्यासाठी निवडतो. परंतु त्याने सर्व्हरवरील मूळ पत्रेही कायमची जातात, हे तेथील सूचनेत लिहिलेले असूनही सहसा वाचले जात नाही. तारांकित पत्रे राखण्याची सोय आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. आधी प्रोफाइल फोल्डरची, म्हणजे तुमची पत्रे आणि सेटिंग्ज ज्यात साठवलेली असतात त्या फोल्डरची, प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, तीही थंडरबर्ड पूर्ण बंद करून.