'द स्कूल फॉर स्कँडल' विद्यार्थ्यांबरोबर बसवताना विनोद पडू नये म्हणून काय करावे?

आपल्या नाट्यविभागाने वार्षिक प्रयोगासाठी अठराव्या शतकातले नाटककार शेरिडन यांचे, निंदानालस्तीत रमलेल्या लंडनच्या उच्चभ्रू समाजाची टर उडवणारे 'द स्कूल फॉर स्कँडल' निवडले आहे, पहिल्या वाचनाला कोणी फारसे हसले नाही, सगळे नट विशीतले आहेत आणि आता काही जण कथा सरळ आजच्या समाजमाध्यमांच्या जगात आणावी असा आग्रह धरत आहेत. तेव्हा मूळ काळात ठेवून हे नाटक रंगेल का, असा आपला प्रश्न आहे. मी नाट्यविभागात अभिनय शिकवते आणि या धाटणीची नाटके विद्यार्थ्यांबरोबर बसवत आले आहे. माझे उत्तर असे की नाटक रंगेल आणि काळ बदलण्याची गरजही पडणार नाही, मात्र त्यासाठी नटांनी विनोद करणे थांबवले पाहिजे. या नाटकातली माणसे विनोद करत नसतात. ती समाजातली आपली जागा राखत असतात, आणि ती राखताना सभ्यतेचा जो आटापिटा त्यांना करावा लागतो त्यातून हशा येतो.

पहिल्या वाचनाला हशा न येणे हे मी वाईट लक्षण मानत नाही. टेबलाभोवती बसून वाचताना ही संहिता एकसारखी चमकदार लागते, सगळी पात्रे सारखीच हुशार वाटू लागतात आणि ऐकणारा लवकर थकतो. म्हणून दुसऱ्या वाचनापासून प्रत्येक नटाला एकच प्रश्न विचारत राहावा: हे वाक्य मी बोलले नाही, तर माझे काय नुकसान होईल? नाटक उघडते तेच निंदकांच्या टोळक्याची म्होरकी लेडी स्नीअरवेल हिच्या चौकशीने, की वर्तमानपत्रांत द्यायचा मजकूर सगळा छापून आला ना. थोड्याच वेळात ती कबूल करते की तरुणपणी निंदेच्या विषारी जिभेने तिला स्वतःला घायाळ केले होते, आणि तेव्हापासून इतरांना आपल्या पातळीवर खाली आणण्याइतके सुख तिला कशातच मिळत नाही. बहुतेक विद्यार्थिनी हे वाक्य खलनायिकेच्या झोकात फेकतात आणि तिथेच प्रवेश सपाट होतो. ते जुन्या जखमेवर हात ठेवल्यासारखे, जवळजवळ सहज म्हटले गेले, तर पुढच्या सगळ्या कुटाळकीला वजन येते. मिसेस कँडरचेही तसेच आहे. ती प्रत्येकाची बाजू घेते आणि बाजू घेता घेताच त्याची अब्रू धुळीला मिळवते. ती भूमिका करणाऱ्या मुलीने आपण खरोखरच दयाळू आहोत यावर शंभर टक्के विश्वास ठेवावा. ढोंग दाखवायला गेली की काम बिघडते.

यानंतरचा बराचसा वेळ शब्दफेकीवर जाईल, आणि तो जाऊ द्यावा. शेरिडन यांची वाक्ये लांब असतात आणि त्यांचा डंख बहुधा शेवटी असतो, तर तरुण नटांची सवय अशी की वाक्याची सुरुवात जोरात करायची आणि शेवट गिळायचा. मी काही तालमींत नटांना उभे करून प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द म्हणायला लावते, समोरच्याला तो लागेल अशा बेताने. मग पूर्ण वाक्य एका श्वासात त्या शब्दापर्यंत न्यायला सांगते. दुसरी गोष्ट क्यू, म्हणजे आपल्या वाक्याआधीचा समोरच्याचा शेवटचा शब्द, उचलण्याची. समोरचा बोलत असतानाच उत्तर मनात तयार झाले पाहिजे, म्हणजे त्याचे वाक्य संपताक्षणी आपले सुरू होते. प्रयोग लांबतो तो संहितेमुळे कमी आणि दोन वाक्यांमधल्या रिकाम्या जागांमुळे जास्त. तरीही थोडी काटछाट करावीच लागेल. ती करताना वाक्ये अर्धवट तोडू नयेत, पूर्ण उतारे काढावेत, कारण अर्धे वाक्य राहिले की त्याचा तोल जातो.

वयस्कर सर पीटर आणि त्यांची खेड्यातून आलेली तरुण नवी बायको लेडी टीझल यांच्या भांडणावर विशेष मेहनत घ्यावी. दुसऱ्या अंकातल्या भांडणात सर पीटर तिला तिचे माहेरचे दिवस ऐकवतात: नक्षीदार लिननचा पोशाख, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, भिंतीवर तिने स्वतः लोकरीने विणलेली फळे. ती चिडत नाही. उलट स्वतःहून यादी वाढवते, की संध्याकाळी आत्याला प्रवचन वाचून दाखवावे लागे आणि शिकारीहून दमून आलेल्या वडिलांना झोप लागेपर्यंत जुने वाद्य वाजवावे लागे. इथे दोघांनाही एकमेकांच्या हुशारीची मजा वाटली पाहिजे. हे भांडण केवळ कडवट झाले, तर तिसऱ्या अंकातला समेट आणि त्यापाठोपाठ, भांडण नेहमी सुरू कोण करते यावरूनच पेटलेले नवे भांडण, दोन्ही पोकळ वाटतात. आणि चौथ्या अंकातल्या आडोशाच्या पडद्याच्या प्रवेशाला, ज्याबद्दल पुढे सांगते, तर पायाच उरत नाही.

नट विशीतले असण्याची चिंता करू नये. पहिल्या प्रयोगात ही तरुण नवी नवरी मिसेस ॲबिंग्टन यांनी केली होती, तेव्हा त्या चाळिशीच्या आसपास होत्या. म्हणजे वयाचा संकेत प्रेक्षकांनी अगदी पहिल्या दिवसापासून मान्य केलेला आहे. सर पीटर करणाऱ्या मुलाने कुबड आणि थरथरता आवाज यांपासून दूर राहावे. सवयी मोडायला तयार नसलेला माणूस त्याने उभा केला की वय आपोआप दिसते.

पोशाखाला पैसे कमी असतील, तर रंगीत तालमीतल्या झगमगाटापेक्षा तालमीच्या कपड्यांवर ते खर्च करावेत. घेरदार लांब परकर, कंबर आणि पाठ ताठ ठेवणारी चोळी, टाचेचे बूट आणि लांब कोट या गोष्टी पहिल्या आठवड्यापासून अंगावर असल्या पाहिजेत. अशा परकरात पटकन वळता येत नाही, खुर्चीत धपकन बसता येत नाही, दारातून दोघांना एकदम जाता येत नाही. आणि या अडचणींतूनच त्या समाजाची चालरीत नटाच्या शरीरात उतरते. पंख्याच्या गुप्त खुणांची कोष्टके पाठ करून घेण्यात वेळ घालवू नये. पंखा कुठे मिटतो आणि कुणाच्या वाक्यावर मिटतो, एवढे ठरले तरी पुरे.

आता आडोशाच्या पडद्याचा, म्हणजे खोलीत उभ्या केलेल्या सुट्या पडद्याचा, प्रवेश. ८ मे १७७७ रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात हे नाटक पहिल्यांदा झाले. पुढे नाटककार झालेले फ्रेडरिक रेनल्ड्स तेव्हा शाळकरी होते. नाट्यगृहाजवळच्या वाटेने जाताना आतून असा प्रचंड आवाज आला, की इमारत कोसळते आहे असे वाटून ते जीव मुठीत धरून पळाले, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. हा आडोशाचा पडदा पाडला गेल्यावर प्रेक्षकांनी केलेला तो कल्लोळ होता. हा क्षण केवळ युक्तीचा नाही, हे विद्यार्थ्यांना समजावून द्यावे लागते. सज्जनपणाचा आव आणणाऱ्या जोसेफच्या अभ्यासिकेत लेडी टीझल आलेली आहे, नवरा येताच ती पडद्यामागे लपते, आणि तिथे उभी असताना नवऱ्याच्या तोंडून ऐकते की त्याने तिच्या नावे वर्षाला ८०० पौंडांची स्वतंत्र सोय केली आहे आणि मृत्यूनंतर बहुतेक संपत्ती तिलाच मिळणार आहे. विवाहित स्त्रीच्या हाती कायद्याने स्वतःचे फारसे काही राहत नसे त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. म्हणून पडद्यामागच्या मुलीने प्रत्येक प्रयोगात ते वाक्य खरोखर ऐकले पाहिजे; पडदा पडल्यावर दिसायला हवी ती पकडली गेलेली बाई नव्हे, तर काहीतरी कळलेली बाई. जोसेफ रचत असलेली थाप ती लगेच नाकारते, ते याच ऐकण्यातून.

याच प्रवेशात एक बारीक गंमत आहे आणि ती पुष्कळ दिग्दर्शकांच्या नजरेतून सुटते. सुरुवातीला जोसेफ नोकराकडून तो पडदा खिडकीपुढे ओढून घेतो, कारण समोरच्या घरातली अविवाहित शेजारीण फार चौकस आहे. म्हणजे लेडी टीझल लपते ती खिडकी आणि पडदा यांच्या मधल्या जागेत, अगदी त्या शेजारणीच्या नजरेसमोर. नेपथ्यात खिडकी नीट दिसत असेल, तर प्रेक्षकांतल्या काहींना हे आपोआप उमगते. पडदा हलका असावा, एका झटक्यात आडवा व्हावा, आणि तो पाडण्याचा सराव रोज व्हावा. तो पाडल्यानंतर जोसेफचा उधळ्या भाऊ चार्ल्स बोलून निघून जातो आणि मागे तिघे उरतात, तिथली शांतता जितकी ताणवेल तितकी ताणावी.

जोसेफच्या निवडीत चूक झाली तर यातले काहीच उभे राहत नाही. तो सतत सुभाषिते बोलतो, म्हणून नट त्याला उघड ढोंगी करतात. प्रेक्षकांनाही पहिला अंकभर हा मुलगा आवडला पाहिजे. विभागातला सर्वांत विश्वासू वाटणारा नट त्याला द्यावा.

कथा समाजमाध्यमांत आणावी का, यावर माझे मत स्पष्ट आहे. नाटकाच्या पहिल्याच वाक्यात छापील बदनामी आहे, त्यामुळे आजच्याशी असलेला धागा प्रेक्षक स्वतःच जोडतात, आणि स्वतः जोडलेला धागा त्यांना अधिक भावतो. हाती फोन दिले की माणसे एका खोलीत राहत नाहीत, आणि तोंडावर गोड बोलण्याची सक्ती संपली की या नाटकाचा प्राणच जातो.

मोझेस या ज्यू सावकाराबद्दल मात्र तालमी सुरू होण्याआधी निर्णय घ्यावा. गरजवंत किती अडला आहे हे पाहून व्याज ४०-५० टक्के मागावे की त्याच्या दुप्पट, हे तो जोसेफ आणि चार्ल्सचे काका सर ऑलिव्हर यांना, ते सावकार बनून चार्ल्सकडे जाण्याआधी, शिकवतो, तो प्रवेश खरोखर विनोदी आहे. परंतु त्याच्या धर्मावरून केलेले शेरे पूर्वग्रहावर उभे आहेत. मी ते शेरे काढते, उच्चार विचित्र करू देत नाही, आणि आपला धंदा चोख जाणणारा माणूस म्हणून तो उभा करायला सांगते. त्याचबरोबर, सर ऑलिव्हरचा पैसा आला कुठून याकडेही आपल्या विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. तो हिंदुस्थानातून आला आहे. पाचव्या अंकात गरीब नातेवाइकाच्या वेशात आलेले सर ऑलिव्हर जोसेफला काकांनी पाठवलेल्या सोन्याचांदीबद्दल विचारतात, तेव्हा संहितेत चक्क 'रुपये' असा उच्चार आहे, आणि जोसेफ मात्र शाली, चहा अशा किरकोळ भेटींवर भागवतो. हे वाक्य आपल्या प्रेक्षकांपर्यंत स्वच्छ पोचले पाहिजे.

शेवटची सूचना तालमीच्या वेळापत्रकाची. मूळ काळात प्रेक्षागृहातले दिवे प्रयोगभर जळत असत, त्यामुळे प्रेक्षकांकडे वळून बोललेली वाक्ये नट समोरच्या चेहऱ्यांना उद्देशून म्हणत. आपणही पुढच्या रांगांवर थोडा प्रकाश ठेवावा, आणि रंगीत तालमीच्या आधी काही तालमी परक्या प्रेक्षकांपुढे कराव्यात. पाचव्या अंकात झालेच नसलेले द्वंद्व गावभर पसरते, कोणी तलवार म्हणतो, कोणी पिस्तूल, आणि निंदकांच्या टोळक्यातला क्रॅबट्री तर सांगतो की गोळी शेकोटीवरच्या लहानशा कांस्य पुतळ्याला लागून काटकोनात वळली, खिडकीबाहेर गेली आणि दाराशी पत्र घेऊन येणाऱ्या टपालवाल्याला जखमी करून गेली. त्या एका भाषणात हशा कुठे कुठे येतो हे रिकाम्या सभागृहात कोणालाच कळत नाही. तो ओसरू लागला की पूर्ण विरण्याआधी पुढचे वाक्य उचलायचे असते. म्हणून दुसऱ्या विभागांतले, नाटक न वाचलेले विद्यार्थी बोलवा, आणि त्या तालमींत टिपणे घ्यायला एकाला फक्त प्रेक्षकांकडे तोंड करून बसवा.