नवा राउटर लावला, वाय-फाय जोडलं जातं पण इंटरनेट येत नाही. काय चुकतंय?

वाय-फाय जोडलं जाणं म्हणजे इंटरनेट मिळणं नव्हे. तुमचा मोबाइल राउटरपर्यंत पोचलाय, राउटर मात्र अजून बाहेर पोचलेला नाही.

आधी मागची वायर बघा. मोडेमकडून (कंपनीची लाइन ज्या डब्यात येते तो) येणारी केबल राउटरच्या 'वॅन' (WAN) लिहिलेल्या पोर्टातच हवी, शेजारच्या, घरातली उपकरणं जोडायच्या लॅन (LAN) पोर्टात नाही. तो पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा असतो, तरी घोळ होतोच.

मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाका (नेमका पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो) आणि वॅन सेटिंग उघडा. कनेक्शन घेताना युजरनेम-पासवर्ड मिळाला असेल तर 'पीपीपीओई' (PPPoE, म्हणजे युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) निवडून तो भरा. हा वाय-फायचा पासवर्ड नव्हे. इथे भलेभले फसतात. तसं काही मिळालं नसेल तर 'डायनॅमिक आयपी' (कंपनीकडून आपोआप पत्ता घेणारा पर्याय) ठेवून बघा.

तरीही नाही? इंटरनेट कंपनीकडे जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधलेला असू शकतो. नव्या राउटरच्या 'मॅक क्लोन' सेटिंगमध्ये तो जुना पत्ता टाका, किंवा सरळ फोन करून नवा नोंदवून घ्या. मोडेमही एकदा बंद करून दोन मिनिटांनी चालू करा.

नेट आलं की अ‍ॅडमिनचा (राउटरची सेटिंग उघडण्याचा) मूळ पासवर्ड लगेच बदला.