वाचकांचे प्रश्न : काडतूस चेंबरमध्ये का अडते?

प्रश्न : मी ९ मिलिमीटर पिस्तुलाची काडतुसे पुन्हा भरतो. दहांपैकी दोन-तीन चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात) पूर्ण बसत नाहीत आणि स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) किंचित उघडी राहते. क्रिम्प, म्हणजे गोळीभोवती काडतुसाच्या तोंडाला दिलेला दाब, आणखी आवळून पाहिला, तर गोळीच सैल झाली. चूक कुठे होत असावी?

उत्तर : क्रिम्प आवळल्यावर गोळी सैल झाली, या आपल्या निरीक्षणातच निम्मे उत्तर आहे. दाबलेले पुंगळीचे (काडतुसाच्या कवचाचे) पितळ थोडे मागे उसळते, गोळीचे शिसे मात्र दबले की दबलेलेच राहते. त्यामुळे क्रिम्प वाजवीपेक्षा जास्त झाला की दोहोंमधली पकड सुटते आणि चेंबरमध्ये शिरताना गोळी आत सरकून दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो. या पुंगळीत गोळी धरून ठेवण्याचे काम सायझिंगने, म्हणजे वापरलेली पुंगळी दाबून पुन्हा मूळ मापाची केल्याने, आलेल्या घट्टपणाचे आहे. क्रिम्पने फक्त गोळी बसवण्यासाठी उघडलेले तोंड पुन्हा सरळ करायचे असते. शिवाय हे काडतूस चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवरच टेकते, म्हणून ती कड आत वळता कामा नये. तोंडापाशी व्यास ०.३८० इंचांच्या आत, साधारण ०.३७८ इंच भरला की डाय (पुंगळीला आकार देणारा साचा) आणखी खाली घेऊ नये.

पण डायला हात लावण्यापूर्वी काडतूस नेमके कुठे अडते ते शोधावे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून बॅरल वेगळी काढावी आणि दारू व प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) नसलेले नमुना काडतूस तीत सोडावे. ते टप्पकन बसले, बोटाने गरगर फिरले आणि बॅरल उलटी करताच आपोआप बाहेर पडले, तर माप बरोबर आहे. अडले तर त्याला मार्करने रंगवून पुन्हा आत घालावे व फिरवावे. काडतुसाचे माप तपासणाऱ्या महागड्या गेजपेक्षा मला हा मार्करच अधिक बोलका वाटतो. तोंडाच्या कडेवरचा रंग उडाला असेल तर क्रिम्प कमी पडला आहे. गोळीच्या उतारावर ओरखडे दिसले तर ती बॅरलच्या आतल्या पिळदार आट्यांना (रायफलिंगला) टेकते आहे, म्हणजे काडतूस लांब झाले आहे. मात्र गोळी खोल बसवल्यानेही दाब वाढतो, म्हणून लांबी आणि दारूचे प्रमाण दोन्ही काडतुसे भरण्याच्या मॅन्युअलशी पुन्हा ताडून पाहावे. एकाच बाजूला फुगवटा असेल तर गोळी तिरकी बसली आहे, आणि बुडाजवळ घासले असेल तर सायझिंग डाय पुरेशी खाली येत नाही.

गोळी बसवणे आणि क्रिम्प करणे ही कामे आपण एकाच डायने करत असाल, तर ती वेगळी करावीत. एकत्र केल्यास गोळी खाली सरकत असतानाच तोंड आवळले जाते, शिसे खरवडले जाते आणि पुंगळी फुगते. पुंगळ्यांची लांबी कमी-जास्त असेल तर क्रिम्पही कमी-जास्त होतो, आणि दहांपैकी दोन-तीनच काडतुसे अडण्यामागे बहुधा हेच असते. अडलेले काडतूस स्लाइडला थाप मारून आत ढकलू नये.

प्रश्न : .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरलाही हेच नियम लागू आहेत का?

उत्तर : नाहीत. ते काडतूस बुडाच्या कडेवर टेकते, म्हणून त्याचे तोंड गोळीवरील खाचेत वळवता येते. धक्क्याने गोळी पुढे सरकून सिलिंडर अडू नये, यासाठी तिथे तो वळवलेला क्रिम्प लागतोच.