श्लेस्विग-होल्श्टाइन, मतदारसंघ क्र. १३ : आकडे हाताळण्यापूर्वी

उत्तर जर्मनीतल्या या मतदारसंघाचे वायमार काळातले (१९१९ ते १९३३) संसदीय निवडणुकांचे आकडे पाहताना सुरुवात १९१९ पासून करू नका. त्या वर्षी जागावाटप द'होंट पद्धतीने (पक्षाच्या मतांना १, २, ३... ने भागून सर्वात मोठ्या भागाकारांना जागा) झालं होतं. ६०,००० मतांना एक जागा हा नियम १९२० चा. श्लेस्विग जर्मनीत राहणार की डेन्मार्कमध्ये जाणार यावरच्या सार्वमतामुळे इथलं मतदान लांबून २० फेब्रुवारी १९२१ ला झालं, त्यामुळे जून १९२० च्या तक्त्यात इथले आकडे शोधत बसू नका.

जागा मोजताना बहुतेक जण इथेच अडकतात. समजा पक्षाला २,१०,००० मतं आहेत: ३ जागा पक्क्या, उरलेली ३०,००० वाया जात नाहीत. ती आधी मतदारसंघांच्या गटात जातात (गटातल्या एका तरी मतदारसंघात पक्षाची ३०,००० मतं हवीत), मग देशपातळीवरच्या यादीत. म्हणून मतदारसंघातल्या जागांवरून पक्षाची खरी ताकद ठरवू नका.

नकाशाही तपासाच. आल्टोना शहर तेव्हा हॅम्बुर्गात नव्हतं, ते याच मतदारसंघात. ल्यूबेक शहर मात्र मेक्लेनबुर्गबरोबर, क्र. ३५ मध्ये.

जुलै १९३२ मध्ये नाझी पक्षाला इथे ५१ टक्के मिळाले, ते वैध मतांपैकी. एकूण मतदारांवर भागलंत तर वेगळाच आकडा येईल, आणि मग तुलना करायला काही उरत नाही.