घंटा वाजली की तो पळतो

प्रश्न : ऐरोलीच्या एका शाळेत दुसरीतल्या स्वमग्न मुलासोबत मदतनीस म्हणून नुकतीच लागले आहे. घंटा झाली की तो कान झाकून वर्गाबाहेर धावतो. काय करू?

उत्तर : ताई, त्याला धरून बसवू नका. तो आवाज त्याला खरंच सोसत नाही. ठाण्यात मीही हेच काम करते. घंटेच्या जरा आधी मी मुलाला दोन चित्रं दाखवते : घंटा, मग डबा. हेडफोन तो स्वतःच कानांवर चढवतो. आणि बाईंनी कितीही घाई केली, तरी त्याची वही तुम्ही भरू नका. एकच ओळ होऊ दे, पण त्याच्या हातची.

शाळा त्याला ठेवून घ्यायला नाही म्हणू लागली, तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे : किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलंय का, हे त्याच्या आईला आजच विचारा.