एकाच गोळीचा गुण सगळ्यांना सारखा का येत नाही?

प्रश्न : वडिलांची गेल्या महिन्यात अँजिओप्लास्टी झाली. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू आहे. भाऊ म्हणतो, जनुकीय तपासणी करून घेऊ. गरज आहे का? (सांगली)

उत्तर : क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातले सीवायपी२सी१९ हे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) त्याला कामाला लावते, मगच रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट एकमेकींना चिकटायच्या थांबतात. आईवडील दोघांकडूनही या एन्झाइमचे सदोष जनुक आले असेल, तर गोळी नेमाने घेऊनही स्टेंटमध्ये (रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीत) गुठळी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये यावर चौकटीतला इशारा छापायला लावला. हा दोष आपल्याकडे युरोपीय लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो, म्हणून भावाचे म्हणणे मला पटते. एकदा गुठळी होऊन गेली असेल, तर तपासणी टाळूच नका. दोष निघाला तर त्याच कामाची प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर ही दुसरी औषधे आहेत. पण त्यांत रक्तस्रावाचा धोका जास्त, आणि पूर्वी पक्षाघात झालेल्याला प्रासुग्रेल चालत नाही. ते हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील. तोवर क्लोपिडोग्रेल एक दिवसही चुकवू नका.

आणि आजच वडिलांचा गोळ्यांचा डबा बघा. पित्तासाठी ओमेप्राझोल आहे का? ते याच एन्झाइमला अडवते. डॉक्टरांना विचारून त्याऐवजी पँटोप्राझोल घेता येईल.

प्रश्न : व्हायवॅक्स मलेरियासाठी प्रायमाक्विन दिल्यावर मुलाची लघवी कोऱ्या चहासारखी झाली. औषध थांबवले. जी६पीडीचा (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमचा) रिपोर्ट मात्र नॉर्मल आला. (पनवेल)

उत्तर : त्या रिपोर्टवर विसंबू नका. जी६पीडी कमी असले की प्रायमाक्विनने तांबड्या पेशी फुटतात. जुन्या पेशी आधी फुटतात. उरतात त्या ताज्या, त्यांत हे एन्झाइम बऱ्यापैकी असते आणि तपासणी फसते. तीन महिन्यांनी पुन्हा करा. मुलग्यांत हा दोष आईकडून येतो, तेव्हा त्याच्या भावांची आणि मामांचीही तपासणी करा. घरातल्या डांबरगोळ्या काढून टाका, त्यांनीही या पेशी फुटू शकतात. उपचार अर्धवट राहिल्याने मलेरिया उलटू शकतो. ताप आला की लगेच रक्त तपासा.

प्रश्न : 'लाळ द्या, सगळ्या औषधांचा रिपोर्ट घ्या' अशी जाहिरात पाहिली. मला बीपी आणि डायबेटिस आहे. (नाशिक)

उत्तर : एवढ्यासाठी नको. टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिनचा डोस आज तरी जनुके पाहून ठरत नाही. मात्र पुढे कधी अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) किंवा कॅपेसिटाबिन (कर्करोगावरचे औषध) सुरू करायची वेळ आली, तर आधी तपासणीबद्दल जरूर विचारा. घरात कुणाला औषधाने अंगभर फोड आले असतील किंवा भुलीनंतर श्वास सुरू व्हायला तासन्तास लागले असतील, तर ते औषधाच्या नावासह फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.