आजोबांची फौजेतली पाण्याची बाटली कुठली आणि कधीची, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत पाण्याच्या दोन बाटल्या सापडल्या. एक निळ्या एनॅमलची, वर खाकी जाड लोकरी कापड, बुचाची, बाहेरच्या पट्ट्यावर बाणासारखा छाप, इंग्रजी ‘आय’ अक्षर आणि १९४२. दुसरी चकचकीत धातूची, काळ्या प्लास्टिकच्या झाकणाची, बुडाशी ‘यू.एस.’ आणि १९४४. आजोबा मराठा पलटणीत होते, ब्रह्मदेशात लढले असं घरात सांगतात. या बाटल्या त्यांनी लढाईत वापरल्या का, ब्रासोने साफ कराव्यात का, आणि यातून संग्रह सुरू करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यात आधी ब्रासो बाजूला ठेवा. कारण पुढे सांगतो.

पहिली बाटली ओळखायला सोपी आहे. ब्रिटिश आणि हिंदी फौजेत पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत हीच घडण चालली. लोखंडी पत्र्यावर एनॅमलचा मुलामा, एक बाजू आत वळलेली म्हणजे कमरेला नीट बसते, अंगावर शिवलेलं खाकी फेल्ट, आणि तोंडाला दोरीने बांधलेलं बूच. फेल्ट ओलं केलं की वाऱ्याने पाणी गार राहायचं, म्हणून ते होतं. सगळ्याच निळ्या नसतात, हिरव्या-खाकी रंगाच्याही मिळतात. बूच काढून तोंडाच्या आतली कड बघा, मुलामा तिथे स्पष्ट दिसतो. फ्रिजवरचं लोहचुंबक बाटलीला लावून पाहा. घट्ट चिकटलं तर ती लोखंडाची. चिकटलं नाही तर तुमच्याकडे दुसरंच काही असू शकतं, उदाहरणार्थ ब्रिटिशांनी ब्रह्मदेशासारख्या जंगलांचा विचार करून काढलेल्या १९४४ पॅटर्नमधली, फिरकीच्या झाकणाची आणि खाली मग बसणारी बाटली.

आता पट्ट्यावरचा छाप. तीन रेघांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. आपल्याकडे ही खूण अजून जिवंत आहे: लष्करी गाड्यांच्या नंबरप्लेटवर जो वर तोंड केलेला बाण असतो, तो हाच. बाणासोबत ‘आय’ असेल तर माल हिंदुस्थानात बनलेला किंवा इथल्या फौजेसाठी घेतलेला. बाण इंग्रजी ‘सी’च्या पोटात असेल तर कॅनडा, ‘यू’च्या आत असेल तर दक्षिण आफ्रिका, दोन ‘डी’च्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलिया. या चार खुणा पाठ असल्या तरी जुन्या बाजारातल्या निम्म्या गप्पा आपोआप गळून पडतात.

तुमचा पट्टा हिंदुस्थानी आहे याला आणखी एक पुरावा घ्या. १९३७ पॅटर्नचं, म्हणजे त्या सालच्या नमुन्याचं, इंग्लंडमध्ये विणलेलं वेबिंग (फौजेचे जाड विणीचे पट्टे आणि पिशव्या) बघितलं तर जिथे पट्टा रुंदीत कमी होतो तिथे तो मागावरच तसा विणलेला असतो. इथल्या कारखान्यांकडे युद्धाच्या घाईत तशी यंत्रं नव्हती. त्यामुळे देशी वेबिंगमध्ये रुंद आणि अरुंद पट्ट्या वेगळ्या कापून एकमेकींवर शिवलेल्या दिसतात. सूत जाडंभरडं, विण सैल, शिवण वाकडी. इंग्लंडमधले संग्राहक याला पूर्वी नाक मुरडत. मला मात्र देशी मालच जास्त आवडतो. त्यात घाई दिसते, टंचाई दिसते, आणि शेवटी काम भागवलेलं दिसतं.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. पट्ट्यावरचं १९४२ हे पट्ट्याचं साल आहे, बाटलीचं नव्हे. बाटली, फेल्ट, बूच आणि बाहेरचा पट्टा हे फौजेच्या हिशेबात सुटे भाग होते. बूच हरवलं की दुसरं, पट्टा फाटला की स्टोअरमधून दुसरा. १९१८ची बाटली १९४२च्या पट्ट्यात आढळली तर त्यात लबाडी नाही, तसंच व्हायचं. शिवाय १९३७ पॅटर्नचं सामान आपल्या फौजेत स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षं चाललं, १९६२च्या चीन युद्धातल्या जवानांच्या अंगावरही तेच होतं. म्हणजे १९४२चा पट्टा आजोबांच्याच कमरेला होता की नंतरच्या कुणाच्या, हे नुसत्या सालावरून सांगता येत नाही.

आणि फेल्ट उसवून आत छाप शोधायला जाऊ नका. फेल्टची मूळ शिवण एकदा गेली की परत येत नाही.

दुसरी बाटली अमेरिकन. हिचा आराखडा १९१०चा, मापाने एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडी कमी. आधी त्या ॲल्युमिनियमच्या आणि धातूच्या झाकणाच्या असत. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांना हवं झालं, तेव्हा स्टेनलेस स्टीलच्या बाटल्या आणि काळी प्लास्टिकची झाकणं आली. साखळीने जोडलेलं काळं झाकण आणि १९४४ हे एकमेकांशी जुळतं. हिच्या बुडाखाली बसणारा, दुमडत्या दांड्याचा मग आणि कापडी पिशवी असायला हवी. ट्रंकेत पुन्हा हात घाला. पिशवी सापडली तर तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बनवणाऱ्याचं नाव आणि साल शाईने छापलेलं असतं. पिशवी फिकट खाकी असेल तर ती बहुधा युद्धाच्या आधीच्या किंवा मधल्या काळातली, गडद हिरवट असेल तर शेवटच्या टप्प्यातली.

अमेरिकन बाटली मराठा जवानाकडे कशी आली, हा तुमचा खरा प्रश्न असणार. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आसामातून अमेरिकनांची मोठी रसद चालू होती, शेजारी-शेजारी छावण्या होत्या, वस्तूंची अदलाबदल व्हायची. हे शक्य आहे. पण दुसरी शक्यता तितकीच दणकट आहे: मिलिटरी डिस्पोजल. युद्ध संपल्यावर इथे पडून राहिलेला अमेरिकन आणि ब्रिटिश माल सरकारने लिलावात काढला. तंबू, ब्लँकेटं, बूट, जीप, बाटल्या, सगळं. मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात तो पुढे कित्येक वर्षं फिरत राहिला. शेतावर पाणी न्यायला दणकट बाटली म्हणून कित्येक घरांत ती आली. शिवाय जवान घरी जाताना सरकारी किट जमा करूनच जायचा, निदान नियम तसा होता. म्हणून निवृत्त फौजीच्या घरातली बाटली ही त्याने लढाईत नेलेलीच बाटली, असं धरून चालू नका.

याचा एक छोटा पुरावा कधी कधी वस्तूवरच मिळतो. दोन बाण टोकाला टोक लावून, म्हणजे जवळजवळ चांदणीसारखे छापलेले दिसले, तर ती वस्तू सेवेतून काढून विकलेली. पट्ट्याच्या मागच्या बाजूलाही बघा. ही खूण असेल तर डिस्पोजलचा प्रश्न मिटला. नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ती सगळ्यांवर मारत नसत.

आजोबांचा संबंध जोडायचा तर बाटलीपेक्षा कागद जास्त बोलतात. डिस्चार्जचा कागद, पेन्शनबुक, पदकं. पदकांच्या कडेवर भिंग लावा. हिंदी फौजेच्या पदकांवर बहुधा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तोच क्रमांक पट्ट्यावर किंवा पिशवीवर हाताने शाईत लिहिलेला सापडला, तर मात्र तुमच्याकडे खरोखर मौल्यवान गोष्ट आहे. पलटणीचा आकडाही काळ सांगतो. १०३, ११०, ११७ असे मोठे आकडे असतील तर ते १९२२च्या फेररचनेआधीचे. त्यातल्या पलटणी पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुतच्या वेढ्यात सापडल्या होत्या. ३/५ किंवा ४/५ (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी किंवा चौथी बटालियन) असं लिहिलेलं असेल तर ते नंतरचं. ४/५ मराठा मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या सांगशाकला होती, तर ३/५चे नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४मध्ये इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणून आजोबांची बटालियन कळली की अर्धं काम झालं. इटलीच्या बटालियनमधल्या जवानाच्या ट्रंकेत ब्रह्मदेशातली आठवण कशी, असे प्रश्न लगेच सुचायला लागतात. बटालियन शोधायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, तिथे क्रमांकासह पत्र लिहा. नुसतं नाव लिहून पाठवू नका, एकाच नावाचे शिंदे आणि जाधव तिथे ढिगाने निघतील.

आता सफाई. ब्रासोने पितळी बक्कल चमकेल, पण कडेच्या कापडात पांढरी पूड अडकून बसते आणि जुना रंग निघतो. हिरवा कळंक चढला असेल तर लाकडी दातकोरणीने हलके खरवडा, बस. वेबिंग धुवायचं नाही. पट्ट्यावर हिरवट पुडीचा थर दिसला तर तो मळ समजू नका. तो ब्लँको. परेडच्या आधी जवान तो पाण्यात कालवून पट्ट्यांना फासत. धुतलात तर थेट वापराचा पुरावा मोरीत जाईल. चामड्याचा भाग असेल तर खोबरेल लावण्याचा मोह टाळा, चामडं काळं पडतं आणि पावसाळ्यात बुरशी धरतं. फेल्ट लोकरीचं असल्यामुळे खरा शत्रू कसर. बाटली पूर्ण कोरडी करून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, घरातल्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं. आणि पाणी तर त्यातून पिऊच नका, आतला मुलामा उडालेला असतो.

संग्रह सुरू करायचा असेल तर सगळं जमवायच्या मागे लागू नका. हिंदुस्थानात बनलेलं १९३७ पॅटर्न एवढंच धरा. कमरपट्टा, गोळ्यांचे दोन पाऊच, हॅवरसॅक (पाठीवरची पिशवी), बाटली, मेस टिन (जेवणाचा डबा). या पाऊचचा आकार ब्रेन मशीनगनच्या मॅगझिनवरून ठरवला होता. पलटणीतल्या प्रत्येकाने ब्रेनसाठी गोळ्या वाहाव्यात ही त्यामागची कल्पना. कमरपट्ट्याच्या आत ‘एन’ म्हणजे नॉर्मल मापाचा, ‘एल’ म्हणजे लार्ज.

नकली मालाचं सांगायचं तर, युद्धाची हुबेहूब नाटकं करणाऱ्या हौशी लोकांसाठी नवं वेबिंग आजही बनतं, आणि ते काही फसवणूक म्हणून बनवत नाहीत. फसवणूक नंतरचा विक्रेता करतो, चहाच्या पाण्यात बुचकळून. भिंगातून छाप बघा. जुन्या छापात विणीच्या उंचवट्यांवरची शाई घासून गेलेली असते आणि खळग्यांत टिकून असते. नव्यात शाई उंचवट्यांवर ताजी बसलेली दिसते, कधी तर मळाच्या वर. नोटा तपासायचा जांभळा दिवा असेल तर अंधारात फिरवा. शिवणीचा दोरा निळसर-पांढरा चमकला तर तो आधुनिक असण्याचा संशय घ्या. अर्थात आपल्याकडे कुणीतरी ते कधीकाळी डिटर्जंटमध्ये भिजवलेलं असतं आणि मग अख्खा अस्सल पट्टा चमकतो. तेव्हा एकट्या दिव्यावर निकाल देऊ नका.

विक्रेत्याच्या गोष्टीला पैसे देऊ नका, वस्तूला द्या. ‘ही सुभेदाराच्या घरातली आहे’ असं ऐकलं की सुभेदाराचं नाव आणि क्रमांक विचारायचा. उत्तर आलं नाही तर किंमत साध्या बाटलीची.

दोन कायदेशीर गोष्टी. ट्रंकेत संगीन किंवा काडतुसं निघाली, अगदी गंजलेली का असेनात, तर हात न लावता स्थानिक पोलिसांना कळवा. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, तेव्हा पहिल्या महायुद्धातलं काही परदेशी ग्राहकाला कुरिअरने पाठवायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.

तुमच्या निळ्या बाटलीच्या पट्ट्याची मागची बाजू आणि बक्कलाखालची घडी, दोन्हींचे फोटो खिडकीजवळ तिरक्या उजेडात काढून इथे टाका. फ्लॅश नको, फ्लॅशमध्ये फिकट शाई दिसत नाही. बनवणाऱ्याची अक्षरं वाचता आली तर कारखान्याबद्दल पुढे बोलता येईल.